कोरीव रेघ : बिदरी हुनर आणि युरोपातील सैनिकांची छापचित्रे

सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय सैनिकांची चित्रे इतिहासाच्या पुस्तकांत वारंवार आढळतात. ती कशी तयार झाली, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच विचारला जातो. बिदर-कलबुर्गी परिसरातील अध्यापकांना त्याचे उत्तर आपल्याच मातीतील हुनरातून देता येईल, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

युरोपातील ही कला सोनार व चिलखतकारांच्या कारखान्यांत वाढली. ‘नाईट, मृत्यू आणि सैतान’ (१५१३) हे घोडेस्वाराचे चित्र तांब्यावर कोरणारा आल्ब्रेख्त ड्यूरर हा न्यूरेंबर्गच्या सोनाराचा मुलगा होता. ऑग्सबर्गचा डॅनिएल हॉफर चिलखतांवर तेजाबाने नक्षी काढीत असे. तेच तंत्र लोखंडी पत्र्यांवर वापरून त्याने भाडोत्री सैनिकांची चित्रे छापली. जाक कालो याने १६३३ मध्ये १८ चित्रांच्या मालिकेत सैनिकांची लूटमार आणि त्यांना झालेल्या शिक्षा दाखविल्या.

आता बिदरी कामाकडे वळू. जस्त व थोडे तांबे यांची वस्तू ओतून घासतात. नक्षी स्पष्ट दिसावी म्हणून तिला मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरते काळे करतात. नंतर बारीक छिन्नीने रेघा कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या मिश्रणाने धातू कायमचा काळा होतो, चांदी मात्र उजळ राहते.

दोन्हीकडे धातूत खाच पाडण्याचे कौशल्य एकच आहे. फरक खाचेत काय भरले, याचा आहे. युरोपात शाई भरून ओल्या कागदावर दाबली गेली. एका पत्र्यातून शेकडो प्रती निघाल्या व त्यांवरील सहीमुळे कारागिराचे नाव दूरवर पोहोचले. ड्यूररच्या चित्रावरून अबुल हसनने १६०० मध्ये मोगल चित्रशाळेत संत योहानाची आकृती काढली. बिदरमध्ये खाचेत चांदी भरली गेली. वस्तू एकच राहिली आणि तिच्यावर घडविणाऱ्याचे नाव सहसा आले नाही.

औरंगजेबाने १६५७ मध्ये बिदरचा किल्ला जिंकला, पण त्या वेढ्यातील सामान्य शिपायांची अशी छापचित्रमाला आपल्याकडे नाही. यावरून येथे हुनर नव्हते, असा निष्कर्ष विद्यार्थी सहज काढतात. तो चुकीचा आहे. हुनर होते, छपाईचा व्यवहार नव्हता.

बिदरी कामाला २००६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला व शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अध्यापकांनी कालोचे एखादे चित्र व एक बिदरी तबक वर्गात शेजारी ठेवावे. कारागिराचा हातही इतिहासाचे साधन आहे, हे विद्यार्थ्यांना त्यातून उमजेल.