सेरेब्रल पाल्सी आणि आकडी

१४. तळोदा तालुक्यातील कुटुंबांविषयीच्या मूळ परिच्छेदात सेरेब्रल पाल्सीच्या मुलाविषयी ‘अशा मुलाला आकडी येणारच’ असे म्हटले आहे. ते खरे नाही, आणि आईबापांच्या मनात विनाकारण धास्ती बसवणारे आहे. ढोबळमानाने सेरेब्रल पाल्सीच्या तीन मुलांपैकी एकाला अपस्मार, म्हणजे वारंवार आकडी येण्याचा आजार, होतो. चारही हातपाय ताठरलेल्या किंवा शरीराची एकच बाजू अधू असलेल्या मुलांत धोका अधिक. मुदतीपूर्वी जन्मलेल्या, मुख्यतः पायच आखडलेल्या मुलांत कमी. मेंदूच्या बाह्यस्तराला इजा झाली की तिथल्या पेशी एकदम, अवेळी विद्युतसंदेश सोडू लागतात. इजा आतल्या भागापुरती असेल तर ही शक्यता घटते. ईईजीच्या, म्हणजे मेंदूतील विद्युतसंदेशांच्या, आलेखात दोष दिसला म्हणून अपस्मार ठरत नाही. झटके नसताना नुसत्या आलेखावरून सहसा औषध देत नाहीत.

मात्र तान्हे बाळ झोपेतून उठताना एकामागून एक दचकल्यासारखे वाकू लागले, तर ती आकडी असू शकते; पोटदुखी समजून दिवस दवडू नयेत. डॉ. वेस्ट यांनी १८४१ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा झटक्यांचे वर्णन केले, ते स्वतःच्याच मुलाचे. असे झटके दिसले, तर त्यांचे मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. आलेखाइतकाच त्याचा उपयोग होतो. मुलाला आकडीचे औषध चालू असेल, तर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या पालकांनी ते हंगामभराचे निघण्याआधीच मागून घ्यावे. ते एकाएकी बंद पडल्यास झटका थांबेनासा होऊन जिवावर बेतू शकते. — संपादक