वहीतलं लग्न

आमच्या मेहुणीच्या दिराची मुलगी लंडनला नोकरी करते. तिचं लग्न ठरलं आणि पत्रिका फोनवर आली. 'श्री गजानन प्रसन्न' इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं. त्याखाली, लग्नस्थळ : फ्लॉरेन्स, इटली. कार्यक्रम चार दिवस. शुक्रवारी मेंदी, शनिवारी हळद आणि संगीत, रविवारी लग्न, सोमवारी नुसतं खाणं. तळाला लिहिलं होतं, 'निवासाची व्यवस्था यजमानांतर्फे करण्यात आली आहे.' प्रवासाबद्दल पत्रिकेने अवाक्षर काढलं नव्हतं. त्याऐवजी 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं होतं. हे वाक्य मी शेकडो पत्रिकांत वाचलं आहे, पण ते अक्षरशः खरं असू शकतं हे प्रथमच कळलं. दोघांची तिकिटं, व्हिसा आणि हिच्या भाषेत 'तिथे शोभतील असे कपडे' यांची बेरीज मी पैसे भरायच्या स्लिपच्या मागे केली आणि स्लिप बारीक बारीक फाडून टाकली. शाखेत कुणाच्या हाती लागली असती तर अफरातफरीचा संशय आला असता.

"सुट्टी मिळणार नाही," मी घरी जाहीर केलं. "क्लोजिंग आहे."

"लग्न जूनमध्ये आहे."

"तिमाहीचं क्लोजिंग."

बँकेतल्या माणसाला वर्षाला चार क्लोजिंगं असतात, म्हणून तो नातेवाइकांत टिकून राहतो.

तसं पाहिलं तर पोरीचं काही चुकलं नाही. 2017 मध्ये विराट कोहली आणि अनुष्का शर्मा तस्कनीत जाऊन बोहल्यावर उभे राहिले, 2018 मध्ये दीपिका-रणवीर कोमो सरोवराच्या काठी. 2025 च्या जूनमध्ये जेफ बेझोस यांनी व्हेनिसमध्ये तीन दिवस लग्न केलं आणि तिथल्या रहिवाशांनी चक्क मोर्चे काढले. आमच्या चाळीत कुणाच्या लग्नाचा मांडव रस्त्यात आला तर लोक कुरकुर करायचे आणि मग जेवायला जायचे. व्हेनिसच्या लोकांना जेवायला बोलावलं नसावं.

पण न गेल्याची टोचणी लागायची ती लागलीच. ती घालवण्यासाठी मी फ्लॉरेन्सबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यामुळे इतिहास मी खतावणी वाचावी तसा वाचतो. आधी बेरीज बघतो, मग नावं. आणि काय सांगू, त्या गावात मला एक जातभाईच भेटला! त्याचं नाव जोव्हान्नी रुचेल्लाई. व्यापारी, सावकार, आणि प्रत्येक गोष्ट लिहून ठेवण्याची खोड असलेला.

रुचेल्लाई हे नाव रंगावरून आलेलं. दगडफुलासारख्या एका वनस्पतीपासून जांभळा रंग काढायची विद्या या घराण्याने कमावली आणि त्यावर पैसा केला. त्या प्रक्रियेत मूत्र लागतं, हे मी जेवताना घरी सांगितलं आणि ताटावरून उठवला गेलो. तर या जोव्हान्नीने 1457 मध्ये मुलांसाठी एक वही घातली. तिचं नाव 'झिबाल्दोने', म्हणजे भेळमिसळ. तो स्वतः तिला अनेक पाल्यांची कोशिंबीर म्हणतो. तीत उपदेश आहेत, हिशेब आहेत, आणि मुलाच्या लग्नाचा खर्च आहे.

मुलगा बेर्नार्दो. सून नान्निना, पिएरो दे मेदिची यांची कन्या. लग्नाची तारीख 8 जून 1466, वार रविवार. रविवारी सकाळी सुरू झालेलं लग्न मंगळवारी संध्याकाळी आटोपलं, रोज दोन वेळा पंगती. म्हणजे आमच्या लंडनच्या मुलीने नवीन असं काही केलेलं नाही, फक्त साडेपाचशे वर्षं उशीर केला.

मांडव घराच्या समोर, रस्त्यातच. आज फ्लॉरेन्सला व्हिन्या नुओव्हा रस्त्यावर रुचेल्लाईंचा वाडा आहे, समोर तिकोनी चौक आहे आणि चौकाच्या कडेला कमानींचा सोपा आहे. आता त्याला काचा बसवल्या आहेत. त्या चौकात जमिनीपासून दीड हात उंचीवर लाकडी ओटा घातला, सुमारे सोळाशे चौरस हातांचा. (त्यांचं मापही 'हात'च. मला तो एकदम पेठेतला माणूस वाटला.) वर निळ्या कापडाचं छत, त्याला पानांच्या आणि गुलाबाच्या माळा, मधूनमधून दोन्ही घराण्यांची चिन्हं एकत्र केलेल्या ढाली. नाचायला, बसायला आणि जेवायला तोच ओटा. स्वयंपाक मागच्या गल्लीत. आचारी आणि हाताखालची माणसं मिळून पन्नास.

पहिल्या पंगतीला घरची, निमंत्रित आणि वाजंत्रीवाले धरून 170 पानं. एका जेवणाला तर पाचशे. पांढरे पाव 2,800, पातळ गोड पापड्या 4,000, गोड पांढऱ्या वाइनची 50 पिंपं, अंडी 1,500, कोंबड्यांच्या जोड्या 1,500. जोड्या, बरं का! मी तीन हजार धरून टॅली केलं. माझ्या आजोबांच्या वहीतही नारळ असे जोडीनेच मोजलेले असत, कारण जोडीत चोरी लवकर सापडते.

एकूण खर्च 1,185 फ्लोरिन. फ्लोरिन म्हणजे साडेतीन ग्रॅम सोनं. गुणाकार करा, चार किलोच्या वर जातं. आजच्या भावाने पुढचा गुणाकार मी मुद्दामच केला नाही, उगाच रात्रीची झोप जायची. पण दुसरा एक केला. तिथल्या चलनात हे साडेसहा हजारांवर लिरा झाले. गवंड्याच्या हाताखालच्या मजुराला तेव्हा दिवसाला साधारण अर्धा लिरा मिळे. म्हणजे तेरा हजार दिवसांची मजुरी. सणवार न पाळता रोज कामावर गेला तरी माणसाला पस्तीस वर्षं लागतील, आणि तो ओटा ठोकणाऱ्यांत तसाच कुणी असणार.

आता एवढा खर्च कशापायी? हौस म्हणावी तर जोव्हान्नी काही उधळ्या नव्हता. एके ठिकाणी मात्र तो लिहून गेला आहे की पैसा मिळवण्यापेक्षा नीट खर्च करण्यानेच आपली अब्रू जास्त वाढली. यातली मेख अशी की ती अब्रू बरीच वर्षं अडकून पडली होती. त्याचा सासरा पाल्ला स्त्रोत्सी याला मेदिचींनी 1434 मध्ये गावाबाहेर घालवलं. तेव्हापासून जावयाकडे सगळे संशयाने बघत. अशा खात्याला आम्ही 'देखरेखीखाली' असा शेरा मारतो. 1461 मध्ये मेदिचींच्या नातीशी सोयरीक ठरली आणि शेरा निघाला. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची.

मेदिचींनाही गरज होतीच. त्यांची बँक 1397 साली निघालेली. (ती 1494 ला बुडाली. शताब्दीला फक्त तीन वर्षं कमी! तिथल्या कारकुनांचा शताब्दीचा बोनस हुकला याचं मला मनापासून वाईट वाटतं.) 1464 मध्ये म्हातारा कोसिमो गेला. संधिवाताने जखडलेल्या पिएरोने कारभार हातात घेतला आणि थकलेली कर्जं वसूल करायला काढली. हिशेबाच्या दृष्टीने योग्यच. पण वसुलीला निघालेल्या माणसाला मित्र उरत नाहीत, हे मी ज्या वर्षी वसुली विभागात होतो त्या वर्षीच्या दिवाळीत अनुभवलं आहे. फ्लॉरेन्समध्ये धडाधड दिवाळी निघाली, म्हणजे दुसऱ्या अर्थाची. आणि ऑगस्ट 1466 मध्ये पिएरोला उलथवायचा कट झाला. तो फसला. लग्न त्याआधी अडीच-तीन महिने. निळ्या छताखाली कोण आलं, कोण आलं नाही, हे वधूपित्याची माणसं बारकाईने पाहत असतील. आपल्याकडे हे काम आत्या करतात.

असल्या खर्चाला सरकारचा आळा नव्हता का? होता तर! फ्लॉरेन्समध्ये पाहुणे किती, पदार्थ किती, बायकांच्या अंगावर काय असावं, याचे कायदे होते आणि ते तपासायला अधिकारी होता. साक्केत्ती नावाच्या लेखकाने चौदाव्या शतकात अशा एका अधिकाऱ्याची फजिती लिहून ठेवली आहे. तो एकीला म्हणतो, एवढी बटणं लावायला मनाई आहे. ती म्हणते, ही बटणं कुठे, याला काजी तरी आहेत का? अधिकारी हात टेकतो. 2020 मध्ये आपल्याकडे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरी पन्नास-पन्नासच्या पाच तुकड्या जेवल्या. काजी नसलेली बटणंच ती.

पुढे मेदिची सरदारकीला चढले आणि लग्नं हाताबाहेर गेली. 1589 मध्ये एका लग्नासाठी पित्ती राजवाड्याच्या चौकात पाणी भरून जहाजांची लुटुपुटूची लढाई केली. 1600 मध्ये मरीया दे मेदिचीचं लग्न फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीशी झालं, तेव्हा साखरेचे पुतळे मांडले होते, आणि दुसऱ्या दिवशी 'एउरिदीचे' नावाचा ऑपेरा झाला. पूर्ण संगीतासह टिकून राहिलेला हा सगळ्यात जुना ऑपेरा. सगळं होतं, नवरदेव तेवढा नव्हता! तो फ्रान्समध्येच राहिला. त्याच्या जागी मुलीचा काका उभा राहिला. हुंडा सहा लाख स्कुदी, त्यातला काही भाग फ्रान्सच्या जुन्या कर्जात वळता करून घेतला. मला यात काही वावगं वाटलं नाही. असे व्यवहार आम्ही पक्षकार हजर नसताना, मुखत्यारपत्रावर करतोच.

पण खरा थक्क झालो तो हुंड्याच्या खात्याने. 1425 मध्ये फ्लॉरेन्स सरकारने 'मोंते देल्ले दोती' काढलं. मुलीच्या नावाने आज 100 फ्लोरिन ठेवा, पंधरा वर्षांनी 500 घ्या. व्याज सव्वाअकरा टक्क्यांच्या आसपास पडतं. आमच्याकडे 2015 पासून सुकन्या समृद्धीची खाती आहेत, रोज एक तरी बाप चिमुरडीला घेऊन काउंटरवर येतो, पण असा दर मी देऊ शकत नाही. सरकारला लढायांसाठी पैसा हवा होता आणि बापांना जावई. मुलगी मधेच दगावली तर सुरुवातीच्या नियमाप्रमाणे रक्कम सरकारजमा. लोक फिरकेनात, तेव्हा 1433 मध्ये मुद्दल परत देण्याचं कबूल केलं, मग रांग लागली. आणि मुदत संपल्यावर पैसे कुणाला? खातं मुलीच्या नावाचं, रक्कम नवऱ्याच्या हाती. लग्न पुरतं पार पडल्याची खात्री झाल्यावर.

नान्निनाचा हुंडा 2,500 फ्लोरिन होता. तोही वहीत आहे. मी तिला वहीत शोधत होतो. पाव सापडले, अंडी सापडली, ओट्याची उंची सापडली. ती होती, पण पिएरोची मुलगी, बेर्नार्दोची बायको अशी. खरं नाव लुक्रेत्सिया. अठरा वर्षांची ती मुलगी तीन दिवस त्या ओट्यावर बसून काय म्हणाली याला वहीत रकाना नाही.

तिचं म्हणणं तेरा वर्षांनी सापडतं, आणि ते दुसऱ्याच कागदावर. 1479 च्या जुलैमध्ये तिने आईला पत्र लिहिलं. नवऱ्याने मुलांच्या मास्तरांना घरातून घालवलं होतं, तिला न जुमानता. त्या मास्तरांची कुठे तरी सोय करा अशी विनंती आहे, आणि एक वाक्य आहे. ज्याला आपल्या मनासारखं वागायचं असेल त्याने बाईच्या जन्माला येऊ नये, अशा अर्थाचं. हे लिहिणारी कोण, तर लोरेंझो दे मेदिचीची सख्खी बहीण. गावात पान हलायचं ते भावाच्या हुकमाने.

हे मी हिला वाचून दाखवलं. ही भाजी निवडत होती. काही बोलली नाही. हात पुसून उठली आणि माळ्यावरच्या पेटीतून आमच्या लग्नाची वही काढून आणली. वडिलांचं अक्षर. भिंतीवरची घड्याळं सात, लेमन सेट चार, स्टीलचा डबा (झाकण सैल) एक. मी हसलो. वडील झाकणसुद्धा तपासायचे!

"माझे पैसे कुठल्या पानावर आहेत?" ही म्हणाली.

"कुठले?"

"बाबांनी मी पाच वर्षांची असताना ठेव ठेवली होती. मोडायला आपण दोघं गेलो होतो."

आठवलं. मी स्वतःच गेलो होतो, नवा नवरा आणि नवा कारकून अशा दुहेरी रुबाबात. ठेव तिच्या माहेरच्या नावाने. तांदळात लिहिलेलं नवं नाव मी निवडलेलं. दोन्ही नावं जुळेनात, म्हणून प्रतिज्ञापत्र करायला तिला कोर्टाच्या दारात दोन तास उभी केली होती. नियम म्हणजे नियम. पैसे आले ते माझ्या खात्यात, आणि तिथून हॉलवाल्याकडे. मी पानं उलटली. शेवटून दुसऱ्या पानावर, बँडच्या खाली आणि बर्फाच्या वर, एक ओळ होती : 'मुलीकडून'. पुढे आकडा. नाव नाही, जुनंही नाही आणि नवंही नाही.

"व्याज धरून किती झाले असते?" तिने विचारलं.

मी कॅल्क्युलेटर आणायला उठलो.

"चक्रवाढ धरा," ही मागून म्हणाली. "तिमाही."