उधाण ओसरल्यावर

वादळाच्या बातमीत वारा ताशी किती वेगाने सुटला ते सांगतात. पण किनाऱ्यावर मोठा घात करतं ते पाणी. वादळ समुद्राला पुढे ढकलत आणतं, आणि त्यात भरतीची वेळ गाठली तर समुद्र थेट घरात शिरतो. अशाच एका उधाणाची आणि त्यानंतर बायकांच्या हाती आलेल्या औषधाची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

१२ नोव्हेंबर १९७० ची रात्र. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, म्हणजे भरती मोठी. आजच्या बांगलादेशातल्या भोला बेटावर आणि आसपासच्या किनाऱ्यावर त्या रात्री समुद्र चढला. किमान सव्वादोन लाख माणसं गेली, काही अंदाज पाच लाखांपर्यंत जातात.

ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. सॉमर आणि डॉ. मोस्ली यांनी नंतर त्या गावांची पाहणी केली. मेलेल्यांत लहान मुलं, म्हातारी माणसं आणि बायका जास्त होत्या. वाचलेल्या कित्येकांच्या अंगावर एकसारखी खूण दिसली. दंड, छाती, मांड्या यांची कातडी सोलवटलेली. पाणी खेचत असताना ही माणसं झाडाला मिठी मारून राहिली होती. ज्यांच्या हातात तेवढं बळ नव्हतं, ती वाहून गेली. हे वाचताना आमच्या गटातल्या एकीने विचारलं, दोन्ही हातांनी झाड धरलं तर कडेवरचं मूल कोण धरणार?

एप्रिल १९९१ मध्ये त्याच देशात पुन्हा उधाण आलं. त्यानंतरच्या एका पाहणीत दिसलं की पक्क्या इमारतीत पोचलेले सगळे वाचले. चाळिशीपुढच्या बायकांत मात्र दर तिघींत जवळजवळ एक गेली होती.

भोलाच्या पाहणीत आणखी एक गोष्ट कळली. वाचलेल्यांत मोठ्या दुखापती फार नव्हत्या. त्यांना मोठ्या दवाखान्यापेक्षा अन्न आणि डोक्यावर छप्पर हवं होतं. आमच्या मते हे आजही मदत पाठवणाऱ्यांनी ऐकावं. (हेच डॉ. सॉमर पुढे अ जीवनसत्त्वामुळे मुलांचे मृत्यू कमी होतात हे दाखवणारे. आपल्याकडे मुलांना तो डोस पाजतात, त्यामागे त्यांचं काम आहे.)

वादळाला वर्ष व्हायच्या आत युद्ध पेटलं आणि लाखो निर्वासित भारतात आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. शंभरातले तीसेक मरत होते, ते चारांच्या आत आले.

भोलाच्या वादळात मनपुरा बेटावर मदत नेणाऱ्यांत फजले हसन आबेद होते. त्यांनी १९७२ मध्ये ब्रॅक ही संस्था काढली. १९८० पासून दहा वर्षं ब्रॅकच्या बायका घरोघर गेल्या आणि सव्वा कोटींच्या आसपास घरांत आयांना मीठ-गुळाचं पाणी शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. पुस्तक नाही, वजनकाटा नाही. महिन्याभराने दुसरंच कोणी येऊन त्या आईला विचारायचं, तिच्याकडून पाणी करून घ्यायचं. तिला जितकं आठवेल, त्यावर शिकवणारीचा मेहनताना ठरे.

आपल्याकडे आता आशाताईंकडे ओआरएसचं पाकीट मिळतं. एक लिटरचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवायचं, कमी पाण्यात नाही. मुलांना सोबत १४ दिवस झिंकची गोळी. उधाणाने विहीर खारावली किंवा गढूळ झाली असेल तर ते पाणी उकळूनही खारटच राहतं, म्हणून टँकर येईपर्यंत पुरेल इतकं पिण्याचं पाणी आधीच झाकून उंचावर ठेवावं. चिखलात उतरलेल्यांनी जखम साबणाने धुवून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. नंतर ताप आला तर अंगावर काढू नये, लेप्टो असू शकतो.

ब्रॅकला सुरुवातीला एक कोडं पडलं होतं. आयांना पाणी करता येत होतं, पण मूल आजारी पडलं की बऱ्याच जणी ते करत नव्हत्या. शोध घेतला तेव्हा कळलं की घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं, आणि शिकवणाऱ्यांतल्या काहींचाही त्यावर विश्वास नव्हता. मग बाजारात, मशिदीत जाऊन पुरुषांनाही सांगायला सुरुवात झाली. हे बैठकीत वाचलं तेव्हा आमच्या सगळ्या जणी हसल्या, आणि पुढच्या वेळी नवऱ्यांनाही बोलवायचं ठरलं.