दंत आणीबाणी

दात, हिरड्या किंवा जबड्याचे असे दुखणे, जे उद्यावर टाकले तर दात जातो आणि क्वचित जीवही. यातली सर्वांत घाईची घटना म्हणजे पक्का दात मुळासकट निखळणे. उदाहरणार्थ, इंद्रायणीकाठचे इंदुरी (ता. मावळ, जि. पुणे) तळेगाव-चाकण रस्त्यावर आहे. अवजड वाहनांच्या या रस्त्यावर दुचाकी घसरून तोंडावर पडले, किंवा मैदानात कबड्डीत कोपर लागले, की मार बहुधा वरच्या पटाशीच्या दातांना बसतो.

निखळलेल्या दाताच्या मुळावर जिवंत पेशींचे पातळ आवरण असते. दात पुन्हा धरतो तो त्यांच्या बळावर, आणि दात कोरडा पडला तर तासाभरात त्या मरतात. म्हणून मुळाला हात न लावता चावण्याच्या बाजूने दात उचलावा. माती लागली असल्यास गार पाण्याखाली काही सेकंद धरावा; घासू नये. लगेच खोबणीत बसवून वर स्वच्छ रुमाल चावून धरणे उत्तम. तेवढा धीर होत नसेल तर दात गार दुधात ठेवावा. पाण्यात ठेवल्यास पेशी फुगून फुटतात, दुधात तग धरतात. आणि मावळातल्या घरात दूध नाही असे सहसा होत नाही. तरीही दात कागदाच्या पुडीतच आणला जातो. दंतवैद्य तो शेजारच्या दातांना साधारण 2 आठवडे तारेने बांधून ठेवतात. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. आतल्या पक्क्या दाताला इजा होते.

ठणकत्या दाढेवर लवंगतेल रात्र काढून देते, कीड काढत नाही. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली तर हिरडी भाजते. मिश्रीने दुखणे बधिर झाल्यासारखे वाटते, पण ती जाळलेली तंबाखूच. हिरड्या तिनेच खराब होतात.

जबड्याखाली दोन्हीकडे टणक सूज, वर उचललेली जीभ, लाळ गिळता न येणे, ताप: हा लुडविग अँजायना. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने 1836 मध्ये त्याचे वर्णन केले. सुजेने श्वासमार्ग बंद होतो, म्हणून गोळ्या घेऊन सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून मोठे रुग्णालय गाठावे. छातीत दडपण, घाम आणि सोबत खालचा जबडा दुखत असेल, तर संशय दाढेचा नव्हे, हृदयाचा घ्यावा.

दात काढल्यावर रक्त थांबत नसेल तर गॉजची घडी करून 20 ते 30 मिनिटे घट्ट चावून धरावी. सारखे थुंकल्याने वा चूळ भरल्याने रक्ताची गाठ निघून येते. प्रतिबंधात तोंड झाकणारे पूर्ण हेल्मेट, कबड्डीपटूंसाठी माउथगार्ड आणि कीड लहान असतानाच भरून घेणे येते.