मणक्याची नस दबली: शस्त्रक्रियेपूर्वी दुसरे मत

कंबरेतून पायात कळ उतरू लागली की ‘गादी सरकली’ असे निदान चाळीसगाव परिसरात बहुधा घरातच होते. दोष प्रत्येक वेळी गादीचाच असतो असे नाही. मज्जारज्जूतून निघणाऱ्या बहुतेक नसा दोन मणक्यांमधील बाजूच्या छिद्रांतून बाहेर पडतात. वयोमानाने गादीची उंची घटली, सांध्यांवर हाड वाढले किंवा मणका पुढे सरकला की हे छिद्र अरुंद होते व नस दबते. यालाच फोरॅमिनल स्टेनोसिस म्हणतात. मागे वाकल्यावर छिद्र अधिक आवळते, पुढे झुकल्यावर थोडे मोकळे होते. म्हणूनच शंभर पावलांत थांबणारा माणूस सायकल मात्र अनेकदा सहज चालवतो.

बहुतेक रुग्णांत सुरुवात औषधे व फिजिओथेरपीने होते. वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंडाला त्या बाधतात. नसेजवळ दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचा आराम तात्पुरता असतो, परंतु नेमकी कोणती नस दुखते हे त्यातून कळते. लघवी अडणे वा नकळत होणे, बैठकीची जागा बधिर होणे, पाऊल लुळे पडणे ही लक्षणे असल्यास मात्र दुसऱ्या मतासाठी थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

एरवी सवड असते. एमआरआयमध्ये दिसणारी झीज काहीही त्रास नसलेल्या अनेकांतही आढळते. त्यामुळे केवळ अहवाल पाहून दिलेला सल्ला अपुराच. धुळे व जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवता येते. नाशिक किंवा मुंबईला जायचे तर थेट रेल्वे आहे. सोबत लेखी अहवालाबरोबर फिल्म वा सीडीही न्यावी. आधीचा सल्ला सुरुवातीलाच सांगू नये, असे आम्हाला वाटते. तपासणी मोकळ्या मनाने होते. मग विचारावे: माझी कळ याच नसेची आहे का? नुसते छिद्र मोठे करून भागेल की स्क्रू घालावे लागतील? स्क्रू सुचवले असतील, तर मणका अस्थिर असल्याचे पुढे-मागे वाकून काढलेल्या एक्स-रेत दिसते का? तीन महिने थांबल्यास काय बिघडेल?

कागदपत्रे मागायला संकोच नको. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास 72 तासांत त्याच्या नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.