किलवर आणि वलंदेज

२०२५ च्या मे महिन्यात पावसानं घराघरांतले बेत बुडवले. २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. गच्चीवर घालायच्या कुरडया, लोणच्याच्या कैऱ्या, भिंतींना द्यायचा रंगाचा दुसरा हात, सगळंच लांबणीवर पडलं. सुट्टीला जमलेली भावंडं घरात कोंडली गेली, भज्यांसाठी तेल तापलं आणि कपाटातून पत्त्यांचा कॅट निघाला. चौकटची चव्वी हरवलेली, तिच्या जागी जोकरवर बॉलपेननं चार ठिपके काढलेले.

आमच्या डावात चुलतभावाची बायको होती. ती कोलकात्याची. उतारी करताना ती तिच्या सवयीनं रंगांची नावं घेऊ लागली: हरतन, रुइतन, इस्कापन, चिडितन. बदामाला हरतन? मी सहज विचारलं, हा संस्कृत शब्द का? ती म्हणाली, छे, डच आहे. त्यानंतर त्या डावात माझं लक्ष राहिलं नाही.

पत्त्यांची ठाऊक असलेली कुळकथा एका दमात सांगून टाकतो. कागदी पत्ते चीनमध्ये जन्मले, इजिप्तच्या मामलुकांकडून चौदाव्या शतकात युरोपात गेले, फ्रेंचांनी पंधराव्या शतकात आज दिसणारे चार सोपे रंग ठरवले आणि ते साच्यानं छापता येत असल्यामुळे जगभर पसरले. आपल्याकडे हे पत्ते येण्याआधीपासून गंजिफा होताच; बाबरानं १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. मला सांगायचं आहे ते किलवरबद्दल.

डच भाषेत चार रंगांची नावं अशी: हार्टेन, रुइटेन, स्खोपेन, क्लावेरेन. पहिल्या तिन्हींवरून बंगालीनं हरतन, रुइतन, इस्कापन केलं. चौथ्याला मात्र त्यांनी आपली चिडी घेतली आणि बाकीच्यांशी यमक जुळावं म्हणून शेपटाला ‘तन’ लावलं. हुगळीकाठच्या चुंचुड्याला डचांची वखार होती आणि १८२५ पर्यंत ते गाव त्यांच्याकडेच होतं, तेव्हा यात नवल काहीच नाही. नवल पुढे आहे. बंगालीनं जो एकच रंग डचांकडून घेतला नाही, नेमका तोच मराठीनं घेतला. बदाम आपला, चौकट आपली. किलवर मात्र क्लावर.

यावर पहिला आक्षेप येतो तो इंग्रजीचा. क्लोव्हर म्हणजे तीन पानांचं गवत, पत्त्यावरची आकृतीही तशीच. मग किलवर म्हणजे क्लोव्हर, एवढं सरळ असताना डच कशाला हवेत? दिसायला बिनतोड. पण इंग्रज माणूस पत्ते खेळताना या रंगाला क्लोव्हर म्हणतच नाही, तो क्लब म्हणतो. चित्र फ्रेंचांचं आणि नाव मात्र स्पॅनिश पत्त्यांवरच्या सोट्याचं, अशी त्यांची मुळातलीच गफलत. साहेबाकडून शब्द उचलला असता तर आपण ‘किलब’ म्हटलं असतं. पोर्तुगीजही यातून बाद होतात, कारण त्यांच्याकडे या रंगाला ‘पाउश’ म्हणजे काठ्या म्हणतात. त्या गवताचं किलवरशी जुळणारं नाव पत्त्याला देणारे आपल्या किनाऱ्यावर आलेले दर्यावर्दी मुख्यतः दोनच, डच आणि डॅनिश. डॅनिशांचं ठाणं दूर तरंगंबाडीला, आणि त्यांचा उच्चार ‘क्लर’सारखा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कन्नडमध्ये आणि तेलुगूत कळावर, मल्याळममध्ये क्लावर, सिंहलीत कलाबर. (सिंहलींनी तर चारही रंग डचांचेच ठेवले आहेत.) मग मराठीनं हा शब्द थेट वलंदेजांकडून, म्हणजे डचांकडून, न घेता शेजारच्या कन्नडकडून घेतला नसेल कशावरून? इथे माझा मुद्दा उच्चाराचा आहे. कळावर मराठीत आला असता तर त्याचा ळ सोडायचं आपल्याला काही कारण नव्हतं. ळ हे मराठी जिभेचं लाडकं अक्षर. उलट, शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर आलं की मधे ‘इ’ घालून ते फोडायचं ही आपली जुनी खोड: ग्लासचा गिलास, क्लासचा किलास. क्लावरचं किलावर होणं हे मराठी तोंडाचं काम आहे, उसनं घेतलेलं नाही. मधला ‘ला’ आखूड होऊन ‘ल’ का झाला हे मात्र मला नीट सोडवता येत नाही. घाईघाईनं पान आपटताना स्वर लांबवायला कुणाला वेळ असतो, इतकंच उत्तर माझ्याजवळ आहे.

थेट घेतला तर कुठे? माझं बोट वेंगुर्ल्यावर आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीनं १६३७ मध्ये तिथे वखार घातली. तिचे अवशेष आजही गावात उभे आहेत. गोव्याच्या पोर्तुगिजांची नाकेबंदी करणाऱ्या डच आरमाराला रसद आणि बातम्या पुरवणं हे त्या वखारीचं मोठं काम होतं. ही नाकेबंदी मोसमी असे. पाऊस लागायच्या सुमाराला जहाजं निघून जात, कारण पावसाळ्यात त्या किनाऱ्यावर गलबत उभं राहत नाही. मागे राहत ते वखारीतले कारकून आणि पहारेकरी. बंदर बंद, माल येत नाही, पत्रं येत नाहीत. समुद्र नारळी पौर्णिमेपर्यंत खवळलेला आणि वर कोकणातला पाऊस. अशा चार महिन्यांत वखारीतला माणूस काय करेल? पत्ते पिसेल. आणि चौथा गडी कमी पडला तर दुभाष्याला किंवा भांडाऱ्याला शेजारी बसवेल. याला कागद नाही, हे मान्य. पण रिकामपण आणि पाऊस एकत्र आले की पत्ते निघतात, याचा पुरावा दर घरात आहे.

त्यात वेंगुर्ल्यापासून जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरवर सावंतवाडी. लाखेनं रंगवलेल्या गोल गंजिफांचं गाव. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२० पानांचा खेळ. दिवसा रामाची उतारी, रात्री कृष्णाची. ज्या मुलखात माणसं मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंत दहा रंग लक्षात ठेवत होती, तिथे चार रंगांचा परका खेळ शिकणं म्हणजे पोरखेळ. ओळखीच्या आकृत्यांना त्यांनी घरातली नावं दिली असणार. उलट्या हृदयात त्यांना बदाम दिसला. (आजही शाळेच्या बाकावर प्रेमवीर कोरतात तो बाण ‘बदामा’तूनच जातो.) तिपानी गवताच्या आकृतीत मात्र ओळखीचं काही दिसेना, म्हणून परक्याचा शब्द तसाच ठेवला. तीन-साडेतीन शतकं डचांचा वावर असलेल्या जावा बेटावरही असंच घडलं. तिथे चौकटला ‘वाजिक’ म्हणतात, आणि वाजिक ही चिकट तांदूळ आणि गूळ शिजवून शंकरपाळ्याच्या आकारात कापलेली मिठाई.

चौकटवर मात्र माझा जीव थोडा अडकला. डच ‘रुइट’चा एक अर्थ खिडकीतलं काचेचं तावदान. आपली चौकट दाराखिडकीची. म्हणजे कुणा दुभाष्यानं रुइटेनचं भाषांतर करून चौकट केलं की काय? दोन दिवस मी या कल्पनेवर खूश होतो. मग लक्षात आलं की गुजरातीतही चोकटच आहे. तरी सुरतेला डचांची वखार होतीच, असं म्हणून तिला वाचवता येईल. पण चार कोपऱ्यांच्या कुठल्याही गोष्टीला चौकट म्हणायला आपल्याला परदेशी माणूस कशाला लागतो? हा दुवा मी सोडून देतो, जरा नाइलाजानं. पत्त्यांच्या ‘कॅट’चा संबंध डच ‘कार्ट’शी लावायचा मोहही आवरतो. एका लेखात एवढे वलंदेज पुरेत.

तुरूप मात्र सोडणार नाही. आज डावात आपण हुकूम म्हणतो आणि तुरूप राजकारणाच्या बातम्यांपुरता उरला आहे, पण बंगाली-हिंदीत तो अजून पत्त्यांतच आहे. तो इंग्रजी ‘ट्रम्प’वरून आला असं बरेच जण मानतात. मग मधला अनुस्वार गेला कुठे? पोर्तुगीज ‘त्रुन्फो’तही नाकातला स्वर आहे. मराठी माणूस अनुस्वार पोटात ठेवतो, गिळून टाकत नाही. ‘पंप’चा ‘पुप’ झालेला कुणी ऐकलाय? डच शब्द आहे ‘त्रूफ’. तिथे अनुस्वार मुळातच नाही. त्रूफचा तुरूप व्हायला फक्त जोडाक्षर फोडावं लागतं आणि फ चा प करावा लागतो.

आणि शब्दच कशाला, खेळही घ्या. तीनशे चार खेळणाऱ्यांना ठाऊक असतं की तिथे राजाची किंमत तीन, राणीची दोन, आणि गुलाम मात्र तीस. त्याच्याखाली वीसची नव्वी, मग अकराचा एक्का, दहाची दश्शी. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. हा उलटा न्याय कुठून आला? स्वित्झर्लंडच्या ‘जास’ आणि डचांच्या ‘क्लावरजास’ या खेळांत हुकमाचा गुलाम वीस गुणांचा आणि हुकमाची नव्वी चौदा गुणांची, बाकी सगळे त्यांच्याखाली. क्लावरजास! नावातच किलवर. फरक इतकाच की त्यांच्याकडे हा मान फक्त हुकमाच्या रंगाला. आपल्या लोकांनी चारही गुलामांना गादीवर बसवलं. हाच खेळ श्रीलंकेत चालतो, केरळात त्याचा भाऊ अठ्ठावीस, बंगालात एकोणतीस, आणि इथून मळ्यांवर गेलेल्या मजुरांनी तो दक्षिण आफ्रिकेत नेला, तिथे त्याला ‘थुनी’ म्हणतात. नकाशा काढला तर ठिपके बहुतेक डच बंदरांच्या मागे-पुढे पडतात.

अडचण आहे ती तारखांची. जासचा स्वित्झर्लंडमधला पहिला लेखी उल्लेख १७९६ चा. त्याच वर्षी डचांनी कोलंबो इंग्रजांच्या हवाली केलं, कोची आदल्याच वर्षी गेलं होतं, आणि वेंगुर्ल्याच्या वखारीचं महत्त्व तर सतराव्या शतकातच ओसरलं होतं. तेव्हा किलवर हा शब्द वेंगुर्ल्याचा असला तरी तीनशे चारचा खेळ तिथला नसावा. तो कोची किंवा कोलंबोहून किनाऱ्या-किनाऱ्यानं वर आला असेल. लिहून ठेवण्याआधी खेळ कितीतरी वर्षं खेळला गेलेला असतो, हेही खरं. शब्द आधी आणि खेळ मागाहून, दोघांची वाट वेगळी, असं मला वाटतं.

उरतो इस्पिक. कन्नड-तेलुगूतला इस्पेट इंग्रजी स्पेडचा, हे उघड आहे. बंगाली इस्कापन डच स्खोपेनचा. मराठी इस्पिक दोघांतही बसत नाही, कारण शेवटचा क कुणाकडेच नाही. तो आहे फ्रेंच ‘पीक’मध्ये. मराठेशाहीतल्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांची, यादी आहे, तिच्यात वलंदेजांच्या शेजारी फरासीस, म्हणजे फ्रेंचही बसलेला आहे, आणि शिंद्यांच्या कवायती फौजा उभ्या केल्या त्या द बॉयन आणि पेराँ यांनी, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्यांनीच. माझा अंदाज असा की धड ‘इस्प’ हे स्पेड किंवा पोर्तुगीज एस्पादाचं, आणि शेपूट ‘इक’ पीकचं; छावणीत दोन्ही बोलणारे एकाच डावाला बसले आणि हे जोडकाम झालं. भावजयीला हे पटलेलं नाही. तिच्या मते इस्पिक हा इस्कापनच, फक्त क आणि प यांनी जागा बदलल्या. तसं मानलं तर शेवटच्या ‘न’चा हिशेब तिला द्यावा लागेल, आणि तो तिनं अजून दिलेला नाही.