घासायचं की लावायचं? – गाडीच्या पॉलिशची गोष्ट

मागच्या शनिवारी तिकोण्याला जाऊन आलो. पावसाळा संपत आला होता, पवनेचं धरण काठोकाठ भरलेलं, समोर तुंग ढगात. म्हणजे एकदम फोटोजेनिक मामला. गाडी तिकोणा पेठेत लावली. रस्त्यातल्या तांबड्या चिखलाने ती दाराच्या हँडलपर्यंत माखली होती. उतरतो न उतरतो तोच आठ-दहा वर्षांचा एक मुलगा हातात सुकं फडकं घेऊन हजर.

"दादा, गाडी पुसू का?"

"नको नको नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की तो बिचारा दोन पावलं मागे सरकला. बरोबरचे मित्र हसायला लागले. मग ओशाळून त्याच्याकडून लिंबू सरबत घेतलं, आणि गड चढताना मित्रांना सगळी पॉलिशपुराणाची कथा सांगावी लागली. तीच इथे लिहून काढतोय.

तिकोण्याच्या वाटेवर चपेटदान मारुती लागतो. पायाखाली राक्षसीण, हात उगारलेला, अंगभर शेंदूर. माझी गाडी उभी केल्याला तासही झाला नव्हता, त्यामुळे डोक्यात तेच चालू होतं. मारुतीला आपण काय करतो? शेंदूर तेलात कालवतो आणि लावतो. त्यावर पुढच्या वेळी पुन्हा लावतो. कुणी मारुतीला घासत नाही. ऊन-पाऊस जो काही खायचा तो वरचा थर खातो, दगड आत सुखरूप. आणि गाडीला? गाडीला आपण दर दसऱ्याला घासतो.

मराठीत आपण या दोन्ही गोष्टींना सरसकट 'पॉलिश' म्हणतो, खरा घोळ तिथे आहे. तांब्याचा हंडा चिंचेने घासला की चकाकतो, कारण वरचा काळा थर निघून जातो. आणि पितळेच्या पातेल्याला कल्हई केली की तेही चकाकतं, पण तिथे थर चढतो. दोन्हीचा परिणाम 'चकाकी', पण एकात भांडं झिजतं आणि दुसऱ्यात झाकलं जातं. पॉलिश म्हणजे चिंच. वॅक्स म्हणजे कल्हई. आमच्या आज्जीला हा फरक कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला मात्र तो समजायला गाडीच्या बॉनेटची एक कड घालवावी लागली. त्यावर येतोच.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आपण घासतो का तेच कळत नाही.

मोटारी आल्या तेव्हा त्यांना रंग द्यायची पद्धत घोडागाडीचीच होती. जवसाचं तेल, राळ, व्हार्निश, हाताने कुंचला. एक थर वाळायचा, घासायचा, पुढचा थर. एक गाडी रंगवून बाहेर पडायला कित्येक आठवडे. हेन्री फोर्डने १९१४ पासून १९२५ पर्यंत मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागे ही वाळण्याची कटकट हेही एक कारण मानलं जातं. भट्टीत भाजता येणारा तो काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. मग १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीचा 'ड्युको' आला. नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे बंदुकीच्या दारूचा चुलतभाऊ. जनरल मोटर्सने तो आधी 'ओकलंड' गाड्यांवर मारला, निळ्या रंगात. आठवड्यांचं काम तासांवर आलं. आजही आपल्याकडे सुतार कपाटाला स्प्रेचा गुळगुळीत रंग देताना 'ड्युको मारू का?' असं विचारतो, तो हाच. शंभर वर्षं झाली तरी नाव टिकून आहे.

अशा रंगाला लॅकर म्हणतात, आणि हा शब्द फिरून फिरून आपल्या 'लाक्षा'पर्यंत, म्हणजे लाखेपर्यंत येतो. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा ज्या लाखेने चमकतात, ती लाख. असो, विषयांतर झालं.

तर मुद्दा हा की या लॅकरमध्ये एक खोट होती. फवारल्यावर तो मंद, निस्तेज दिसायचा. त्याला चमक यायची ती घासून. कारखान्यातच कंपाउंड लावून घासत, मगच गाडी शोरूमला जाई. म्हणजे घासणं हा रंगकामाचाच शेवटचा टप्पा होता. पुढे उन्हाने वरचा थर मरायचा, खडूसारखी भुकटी व्हायची, बोट फिरवलं की बोटाला रंग. ती भुकटी घासून काढली की खाली ताजा रंग तयार. पूर्ण जाडीभर रंगच होता ना! त्यामुळे त्या काळी घासणं चूक नव्हतं. अगदी बरोबर होतं.

आणि तेव्हाही जाणकार लोक दोन कामं वेगळी ठेवत. शिकागोच्या 'सिमोनाइझ'चे (कंपनी १९१० ची) दोन वेगळे डबे मिळत: एक घासायचा क्लीनर, दुसरा वर लावायचा वॅक्स. अमेरिकेत गाडी 'सिमोनाइझ' करणं हे क्रियापदच झालं होतं. मग १९४० च्या दशकात त्याच शिकागोत बेन हर्श नावाच्या माणसाने बाटलीतलं पातळ पॉलिश विकायला सुरुवात केली, त्याचं पुढे 'टर्टल वॅक्स' झालं. एकाच बाटलीत घासणं आणि लावणं, दोन्ही उरकणारी उत्पादनं रुळली, आणि गिऱ्हाईक फरक विसरलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं गॅरेजांत दिसणाऱ्या 'वॅक्सपोल'चं नाव बघा. वॅक्सही आणि पोलही :-)

आता घरची गोष्ट. बाबांकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स. फियाट ११०० ची गाडी, १९७० च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, आणि ती मिळवायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मुंबईची शेवटची टॅक्सी-पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं. इतकी वाट बघून मिळालेल्या गाडीवर माणूस जीव टाकणारच. आमच्याकडे खंडेनवमीला सकाळी बादली, मग जुन्या बनियनचं फडकं, मग पॉलिश. गोल गोल, जोर लावून. मी मागचं दार घासायचो, बाबा बॉनेट. फडकं निळं व्हायचं, आणि ते जितकं निळं तितकं काम चांगलं झालं असं आम्ही समजायचो. तो निळा म्हणजे गाडीचाच रंग होता, हे डोक्यात आलंच नाही. दहा-बारा दसऱ्यांनंतर बॉनेटच्या कडेला विटकरी प्रायमर दिसायला लागला. बाबा म्हणाले, "उन्हाने गेला."

उन्हाने नव्हता गेला.

आपल्याकडे मेटॅलिक रंग आले, तसा 'क्लिअरकोट' रुळला. म्हणजे रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक वार्निशसारखा थर. चमक सगळी त्या वरच्या थराची, आणि खालच्या रंगाला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवणारं रसायनही त्यातच. साधारण गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळं मिळून १०० ते १२० मायक्रॉन जाडी असते. त्यात क्लिअरकोट फक्त ३५ ते ५०. डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला तर अर्ध्या-पाऊण केसाएवढं कवच. मशिनवर जाडं कंपाउंड लावून एकदा बफिंग केलं की त्यातले काही मायक्रॉन जातात. कडेला आणि उंचवट्यावर तर जास्तच, कारण रंग तिथे मुळात पातळ बसतो आणि पॅडचा दाब तिथेच येतो. आणि याला अनडू नाही. क्लिअरकोट गेला की तो भाग पुन्हा रंगवणं हाच उपाय.

माझ्या बॉनेटचं असंच झालं. नवी गाडी, एका दुकानात 'रबिंग-पॉलिश करून देतो, नवीकोरी दिसेल' म्हणाले. दिसलीही. तीन दिवस. मग एका संध्याकाळी पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली बॉनेटच्या कडेला बोटभर मंद पट्टा दिसला. बाबांच्या पद्मिनीला जिथे विटकरी दिसायचं, बरोब्बर तिथेच. खरं सांगतो, पैशांपेक्षा त्या जागेनेच जास्त त्रास दिला.

तेव्हापासून दुकानात शिरताना डब्यावर मी एकच गोष्ट शोधतो: हे घासणारं आहे की लावणारं? 'कंपाउंड', 'स्क्रॅच रिमूव्हर', 'स्वर्ल रिमूव्हर', 'क्लीनर वॅक्स', ही सगळी कमी-जास्त प्रमाणात घासणारी मंडळी. 'कार्नोबा' आणि 'सीलंट' ही बहुतेक लावणारी, पण मागचा मजकूर वाचाच. डबा उघडायला मिळाला तर चिमूटभर दोन बोटांत चोळून बघा. खरखर लागली तर चिंच आहे. लागली नाही म्हणून वॅक्सच असेल असं मात्र नाही, बारीक पॉलिशचे कण बोटाला कळत नाहीत.

आणि आपल्या गाडीला क्लिअरकोट आहे का? कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, थोडं पॉलिश घासा. फडक्यावर रंग आला तर नाही, न आला तर आहे. पांढऱ्या गाडीला गडद रंगाचं फडकं घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही. (मी पांढरं घेतलं होतं. शेजाऱ्याच्या गाडीवर. जाऊ दे.)

कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे मेणांमध्ये सगळ्यात कणखर. ते ताड शोधायला जॉन्सन वॅक्स कंपनीचा मालक १९३५ मध्ये स्वतः विमान घेऊन ब्राझीलला गेला होता! गडद रंगावर त्याची झळाळी काही औरच, पण टिकतं ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. लोणावळा-मावळच्या पावसात, जिथे वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्याहूनही कमी. म्हणून पावसाळ्याआधी मी कृत्रिम सीलंट लावतो, तो चार-सहा महिने काढतो. दसऱ्याला हौसेचं कार्नोबा. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं, पण ते करण्याआधी दुकानदार पूर्ण गाडी मशिनने घासतात, आणि तिथेच खरी किंमत मोजली जाते. करायचंच असेल तर जाडी मोजायचं यंत्र आहे का, ते आधी विचारा. प्रश्न ऐकून समोरचा हसला तर गाडी परत काढा.

पाऊस स्वतः फारसा शत्रू नाही. शत्रू ती वाळलेली तांबडी माती. तिच्यातले कण क्लिअरकोटहून कितीतरी कठीण असतात, आणि सुक्या फडक्याने पुसलं की ते सँडपेपरचं काम करतात. सिग्नलवर मिळणारं पिवळं फडकं म्हणूनच मी घेत नाही. आधी भरपूर पाणी, मग शाम्पू, मग मऊ मायक्रोफायबर. आणि बोअरचं पाणी अंगावर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे गोल ठिपके पडतात, आणि ते काढायला शेवटी पुन्हा घासावंच लागतं.

गड उतरून आलो तर तो मुलगा गाडीपाशीच बसला होता. म्हणाला, "दादा, हात नाही लावला." मग हॉटेलवाल्या काकांकडून बादली मागितली आणि दोघांनी मिळून नुसतं पाणी मारलं. पन्नास रुपये दिले तर म्हणाला, "पुसली तर नाहीच."

घरी आल्यावर बाबांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "यंदा पॉलिश कधी करायचं?" त्यांना आता खाली वाकवत नाही, पण बॉनेट अजून त्यांचंच असतं. मी वॅक्सची डबी दिली. सांगितलं, जोर नाही लावायचा, नुसतं पसरायचं आणि हलक्या हाताने पुसायचं.

त्यांनी झाकण उघडून डबी नाकाशी धरली. "याला पॉलिशचा वास नाही रे," म्हणाले.